मावशीचा करारनामा

लंडनला जाऊन आलेल्या माणसाने टेम्स नदी, ब्रिटिश म्युझियम आणि तिथला पाऊस यांविषयी लिहावे, अशी दिवाळी अंकांची जुनी वहिवाट आहे. मीही २०२५ च्या मे महिन्यात तीन आठवडे तिथे राहून आलो. परंतु खरे सांगायचे तर त्यांतल्या बऱ्याच संध्याकाळी मी पूर्व लंडनमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, एक सरकारी पुस्तिका वाचण्यात घालवल्या. म्युझियम पाहायचे राहून गेले. त्याची रुखरुख वाटत नाही असे नाही. पण त्या पुस्तिकेत जे पाहिले तेही काही कमी नव्हते.

पुस्तिका होती माझ्या मावशीच्या घराचा भाडेकरार. मावशी १९७० साली परिचारिका म्हणून तिकडे गेली. काका लंडनच्या बसवर आधी कंडक्टर, मग ड्रायव्हर. पहिली कित्येक वर्षे दुसऱ्याच्या घरातल्या एका खोलीत काढल्यावर १९८३ साली त्यांना 'कौन्सिलचे घर' मिळाले. कौन्सिल म्हणजे तिथली नगरपालिका. लंडनमध्ये अशा एकंदर तेहेतीस आहेत, आणि घरे बांधून ती भाड्याने देणे हे त्यांचे जुने काम. शोरडिचजवळची बाउंडरी इस्टेट १९०० साली खुली झाली. ती या जातीच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी. १९१९ च्या ॲडिसन कायद्यानंतर या कामाला जोर आला, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथली जवळजवळ तीनांतले एक कुटुंब अशा घरात राहत होते. मुंबईच्या वाचकांनी बी. डी. डी. चाळी डोळ्यांसमोर आणाव्यात, म्हणजे सरकार हाच घरमालक असणे म्हणजे काय, याची कल्पना येईल.

पहिल्याच आठवड्यात मावशीने ती पुस्तिका माझ्यापुढे ठेवली. कौन्सिलने कराराच्या अटी बदलल्या होत्या आणि नवी प्रत घरोघर धाडली होती. सही मागितली नव्हती. आगाऊ कळवून, भाडेकरूंचे म्हणणे ऐकून घेऊन, मग रीतसर नोटीस दिली की कौन्सिलला अटी बदलता येतात.

"तू एम. ए. ना? मग हे वाच आणि मला सांग."

"मावशी, मी मराठीचा एम. ए. आहे."

"म्हणूनच सांगते. इंग्रजी मलाही येतं रे, पस्तीस वर्षं वॉर्डात इंग्रजीतच बोलले. पण हे इंग्रजी नव्हे."

तिचे म्हणणे किती खरे होते ते चौथ्या पानावरच कळले. तिथे घरमालकाच्या जबाबदाऱ्यांत लिहिले होते की, भाडेकरूला 'क्वाएट एन्जॉयमेंट' मिळेल. मावशीच्या डोक्यावर, म्हणजे चौथ्या मजल्यावर, एक तरणे कुटुंब राहते. त्यांची दोन मुले रात्री अकरापर्यंत धावतात. मावशीने या दोन शब्दांवर बोट ठेवून कौन्सिलला पत्र लिहिले होते, आणि उत्तर काही तिच्या मनासारखे आले नव्हते.

यात 'क्वाएट'चा अर्थ शांत नव्हे, आणि 'एन्जॉयमेंट'चा अर्थ मौज तर नव्हेच. घरमालक किंवा त्याच्या हक्काने येणारा कोणी तुमच्या ताब्यात व वापरात ढवळाढवळ करणार नाही, एवढेच हे वचन आहे. १९९९ साली हे प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले होते. सदर्क कौन्सिलच्या, पहिल्या महायुद्धानंतर बांधलेल्या घरांतल्या भाडेकरूंनी तक्रार केली की, भिंती व जमिनी इतक्या पातळ आहेत की शेजाऱ्यांचा टेलिव्हिजन, त्यांच्या बाळाचे रडणे, त्यांची भांडणे, आणि कौटुंबिक अंकात छापू नये असेही काही, सारे सारे ऐकू येते. लॉर्डांनी सहानुभूती दाखवली, पण निकाल भाडेकरूंच्या विरुद्ध दिला. घर जसे आहे तसे तुम्ही घेतलेत; शेजारी नेहमीसारखे राहतात, त्यात त्यांचा दोष नाही; आणि या वचनाचा अर्थ 'आवाज होणार नाही' असा नाही.

मला मौज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. इंग्रजांच्या या शब्दाला मराठीत अगदी नेमका जोड आहे, तो म्हणजे 'भोगवटा'. आपल्या जुन्या व्यवहारशास्त्रात मालकीचे पुरावे तीन सांगितले आहेत: लेख, साक्षी आणि भुक्ती. यातल्या भुक्तीत खाणे नाही आणि भोगवट्यात चैन नाही, ताबा आहे. नगरपालिकेचे 'भोगवटा प्रमाणपत्र' हातात घेताना आपल्यापैकी कोणाला त्यात विलास दिसतो? 'निर्वेध भोगवटा' असे मी मावशीला सांगताच ती म्हणाली, "मग असं लिहायला काय झालं होतं मेल्यांना!" वरच्या मुलांसाठी निराळे कलम होते, उपद्रव आणि त्रास यांचे. ते भाडेकरूवर बंधन घालते, आणि केवळ त्याच्यावर नव्हे; घरातली मुले व आलेगेले पाहुणे यांच्या वागण्याचीही जबाबदारी त्याच्यावर टाकते. पण मुलांचे धावणे त्यात बसवायचे म्हणजे कठीणच. शेवटी मावशीने वरच्या बाईंना डब्यातून शंकरपाळे नेऊन दिले व बोलून आली. त्या आठवड्यात धावणे साडेनऊला थांबले.

भाड्याच्या कलमात फारसे अडण्यासारखे नव्हते. भाडे आठवड्याचे, सोमवारी, आगाऊ. एक गमत मात्र सांगतो. काही कौन्सिले वर्षातले दोन-चार आठवडे, बहुधा नाताळाच्या सुमारास, भाडेच घेत नाहीत. मला वाटले, काय हा दिलदारपणा! मावशी हसली. वर्षाचे भाडे तेवढेच. ते बावन्नाऐवजी अठ्ठेचाळीस किंवा पन्नास आठवड्यांत वाटलेले असते. आणि थकबाकी असेल तर त्या फुकटच्या आठवड्यांतही ती भरावीच लागते.

थकबाकीवरून मावशीने कपाटातून एक जुने पत्र काढले. काका २००९ साली गेले, तेव्हा दोन महिने तिचे कशातच लक्ष नव्हते आणि भाडे थकले. एके सकाळी दारात पत्र पडले. त्यावर ठळक अक्षरांत 'नोटीस ऑफ सीकिंग पझेशन'. मावशीने ते वाचले आणि बॅग भरायला घेतली. खरोखरच भरली. दोन लुगडी, काकांचा फोटो आणि देव. शेजारच्या जमेकन बाईंनी तिला थोपवून धरले.

त्या पत्राचा अर्थ 'घर सोडा' असा नव्हताच. 'ताबा मागण्यासाठी आम्ही न्यायालयात जाऊ शकतो', एवढाच होता. मावशी 'सिक्युअर टेनंट' आहे. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने हा दर्जा निर्माण केला. आता तो १९८५ च्या कायद्यात आहे. या दर्जाच्या भाडेकरूला कौन्सिल आपल्या हुकमाने बाहेर काढू शकत नाही. आधी नोटीस, मग न्यायालय, तिथे कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एक शाबीत करायचे, आणि थकबाकीसारख्या बाबतीत न्यायाधीशाला तसे करणे वाजवीही वाटले पाहिजे. ठराविक हप्ता भरत राहाल तर हुकूम अमलात येणार नाही, असेही न्यायाधीश म्हणू शकतो. शेवटी बेलिफ आला तरच घर जाते. ही सारी शिडी चढायला महिनोन्महिने लागतात, आणि मावशी पहिल्या पायरीवरच बॅग घेऊन उभी होती! आजकाल नव्या भाडेकरूंना पुष्कळ कौन्सिले पहिले वर्षभर 'इन्ट्रोडक्टरी', म्हणजे उमेदवारीचे भाडेकरू करून घेतात. त्यांना हे संरक्षण इतके पक्के नसते, म्हणून त्यांनी पत्रे अधिक जपून वाचावीत.

आमच्या घरच्या मंडळींना ज्या कलमाची खरी गरज होती ते पुढेच होते. 'ओन्ली ऑर प्रिन्सिपल होम.' घर हे भाडेकरूचे एकमेव किंवा मुख्य निवासस्थान असले पाहिजे. मावशी दर हिवाळ्यात पुण्याला आमच्याकडे येते, आणि थंडी संपेपर्यंत राहते. कोणीतरी तिला सांगितले होते की, इतके दिवस बाहेर राहिलीस तर घर जाईल. तसे नाही. सामानसुमान तिथेच आहे, परत येण्याचा बेत पक्का आहे आणि तो दिसतो आहे, तर चार महिन्यांनी मुख्य घर बदलत नाही. मात्र तिच्या करारात चार आठवड्यांहून अधिक बाहेर जाताना कळवण्याची अट होती, आणि तिने आजवर कधी कळवले नव्हते. दुसरी गोष्ट अशी की, भाड्यासाठी वृद्धांना जी सरकारी मदत मिळते ती २०१६ पासून, देशाबाहेर सामान्यतः चार आठवड्यांपेक्षा अधिक राहिल्यास थांबते. मदतीचा नियम आणि घराचा नियम निराळे. लोक दोहोंची खिचडी करतात आणि उगाच घाबरतात, किंवा उगाच निर्धास्त राहतात.

याच पानावर 'लॉजर' आणि 'सबलेटिंग' हे दोन शब्द शेजारी शेजारी बसले होते. आपल्या घरात राहून एखाद्याला खोली देणे, आपण 'पेइंग गेस्ट' म्हणतो तसे, हा सिक्युअर भाडेकरूचा हक्कच आहे. घराचा एक भाग रीतसर पोटभाड्याने द्यायचा तर कौन्सिलची लेखी संमती हवी. आणि सारे घर दुसऱ्याला देऊन आपण बाहेर गेलात, तर तो सुरक्षित दर्जा जातो, पुन्हा घरात येऊन राहिलात तरी परत येत नाही; शिवाय २०१३ पासून तो फौजदारी गुन्हाही ठरू शकतो. पुण्याला येताना भाचीच्या मैत्रिणीला 'घर सांभाळायला' देऊन दोन पैसे घ्यावेत, असा एक विचार मावशीच्या मनात पूर्वी येऊन गेला होता. ते पान वाचून झाल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

दुरुस्तीचे कलम आम्ही भराभर उरकले. इमारतीचा सांगाडा, बाहेरची बाजू, गटारे, पाण्याचे, विजेचे व गॅसचे नळ-तारा, संडास-न्हाणी, घर तापवण्याची सोय, हे सारे मालकाकडे. आतला रंग व बारीकसारीक गोष्टी भाडेकरूकडे. भाडेकरूने विकत आणलेली कपाटे कोणाची याचाही तिथे एक उतारा होता. न्हाणीच्या भिंतीवर मात्र काळी बुरशी होती, आणि तिचे दुःख मोठे आहे. रॉचडेल येथे २०२० च्या डिसेंबरात अवाब इशाक नावाचे दोन वर्षांचे बाळ घरातल्या बुरशीमुळे श्वास बिघडून गेले. त्याच्या नावाचा कायदा झाला, आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून अशा सामाजिक घरमालकांना मुदती लागू झाल्या: तातडीच्या धोक्याची दखल चोवीस तासांत, आणि ओल-बुरशीचा मोठा धोका असेल तर दहा कामकाजाच्या दिवसांत तपासणी. मी परतल्यावर मावशीने त्या तारखेची वाट पाहिली, आणि २८ तारखेला पत्र टाकले.

असे करता करता आम्ही शेवटच्या पानांवर आलो. मला आता वाटते की, मावशीला पहिल्या दिवसापासून हेच एक पान विचारायचे होते. बाकीचे सारे तिने धीर गोळा करण्यासाठी विचारले.

माझी मावसबहीण, आमची ताई, २०१५ साली संसार मोडल्यावर आईकडे परत आली. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. गेली दहा वर्षे दोघी एकमेकींना सांभाळून आहेत. त्या संध्याकाळी ताई कामावर होती. मावशीने चहा ठेवला आणि पाठमोरीच म्हणाली, "माझ्यामागं हिचं काय, ते कुठं लिहिलंय?"

पानावर शब्द होता 'सक्सेशन'. मी निश्चिंतपणे वाचू लागलो. करार १ एप्रिल २०१२ पूर्वीचा असेल, तर नवरा-बायकोव्यतिरिक्त घरातला दुसरा माणूसही, शेवटचे बारा महिने सोबत राहिला असल्यास, भाडेकरूच्या मागून भाडेकरू होऊ शकतो. नंतरच्या करारांत कायद्याने हा हक्क मुख्यतः पती, पत्नी वा जोडीदारापुरताच ठेवला आहे. मावशीचा करार १९८३ चा, ताई दहा वर्षे सोबत. मी म्हणालो, "काळजी नको. ताईला मिळेल."

आणि मग पुढची ओळ वाचली. भाडेकरू स्वतःच 'सक्सेसर' असेल तर पुन्हा सक्सेशन नाही.

"मावशी, १९८३ ला करार कोणाच्या नावे होता?"

"दोघांच्या. यांनीच हट्ट धरला होता, तुझंही नाव हवं म्हणून."

दोघांच्या नावे, म्हणजे जोडभाडेकरार. दोघांपैकी एक गेला की उरलेला आपोआप एकटा भाडेकरू होतो. त्यासाठी अर्ज नाही, सही नाही, हुकूम नाही. आणि कायदा यालाच एक सक्सेशन मोजतो. १९८५ च्या कायद्यात ते स्वच्छ लिहिलेले आहे. काका गेल्यावर मावशीने कौन्सिलला फक्त एवढेच कळवले होते की, आता भाड्याच्या पुस्तकावरून यांचे नाव कमी करा. त्या दिवशी या घरावरचा एकुलता एक वारसाहक्क वापरून संपला होता, आणि सोळा वर्षे तिला त्याचा पत्ता नव्हता.

मी ते कसे सांगितले ते आठवत नाही. मावशीने गॅस बंद केला. "पण मी तर इथंच होते," ती म्हणाली. "मी कुठून आले नव्हते, कुणाचं घेतलं नव्हतं. माझंच तर घर होतं."

आपल्याकडचा माणूस इथे हमखास चुकतो, कारण आपली समजूत निराळ्या कायद्यावर पोसलेली आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरू वारला, तर मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू ठरते. गिरगावातल्या खोल्या आजोबांकडून नातवापर्यंत आल्या त्या याच परंपरेतून. मावशी दादरच्या चाळीत वाढलेली. खोली घरात चालत राहते, ही गोष्ट तिला कोणी शिकवावी लागली नव्हती.

दोन दिवसांनी आम्ही तिघे मोफत सल्ला देणाऱ्या केंद्रात गेलो. सिटिझन्स ॲडव्हाइस, शेल्टर अशा संस्थांमार्फत तिथे ही सोय पुष्कळ ठिकाणी आहे. टेबलापलीकडच्या बाईंनी फाईल चाळली आणि मी वाचले होते तेच सांगितले. कायद्याने दुसऱ्यांदा नाही. करार आज मुलीच्या नावे करून द्यावा, तर तेही होत नाही. ज्याला मागून मिळू शकते त्यालाच तसे देता येते. घर विकत घ्यायचे? भाडेकरूला १९८० पासून तो हक्क आहे, आणि वर्षभर सोबत राहिलेल्या मुलीला त्यात सामीलही करता येते. परंतु २१ नोव्हेंबर २०२४ पासून सवलत लंडनच्या बहुतेक भागांत जास्तीत जास्त १६,००० पौंड. त्याआधी ती लंडनमध्ये एक लाख छत्तीस हजारांच्या वर जात होती. मावशीने माझ्याकडे पाहिले नाही. शेजारपाजारच्यांनी घरे घेतली तेव्हा काकांनी साफ नकार दिला होता, हे मला ठाऊक होते. "आपल्याला हे घर रांगेत उभं राहून मिळालं," ते म्हणत, "आपल्यामागं रांगेतल्या पुढच्याला मिळू दे." आता रांगेत पुढे कोण उभे आहे, हे त्यांना दिसले असते तर ते काय म्हणाले असते, हा विचार माझ्या मनात येऊन गेला, तिच्याही आला असावा.

एक वाट उरत होती. कायद्याने हक्क नसला तरी कौन्सिल आपल्या मर्जीने नवा करार देऊ शकते. काहींची तशी लेखी धोरणेही आहेत. ते धोरण आत्ताच लेखी मागवा. मुलगी इथे किती वर्षे राहते याचे पुरावे एका जागी ठेवा: मतदारयादी, बँकेची पत्रे, कौन्सिलच्या कराची बिले. आणि बाईंनी ताईकडे वळून आणखी एक सांगितले. पुढे केव्हातरी कौन्सिल पैसे घेईल आणि पावतीवर 'भाडे' न लिहिता 'वापराबद्दल आकार' असे लिहील, तेव्हा दचकू नका आणि त्याला भाडेही समजू नका. नोटीस आली तरी सल्ला घेतल्याखेरीज किल्ल्या देऊ नका. ताईने ते वहीत उतरून घेतले. तिचे मराठी तुटके आहे, पण वहीत तिने 'किल्ली' हा शब्द मराठीत लिहिला होता.

निघण्याच्या आदल्या रात्री मावशीने पुस्तिका पुन्हा काढली. समासात प्रत्येक कलमापुढे मराठी शब्द लिहून दे म्हणाली, म्हणजे विसरणार नाही. मी लिहीत गेलो. निर्वेध भोगवटा. मुख्य घर. ताबा मागण्याची नोटीस, आणि कंसात 'बॅग भरू नये', यावर ती हसली. सक्सेशनपाशी हात थांबला. 'वारसा' लिहावे तर खोटे. त्या शब्दाबरोबर आपल्याकडे हक्क चालत येतो. 'उत्तराधिकार' तर त्याहून खोटे, त्यात अधिकारच आहे.

"काय रे, अडलास?"

मी अडचण सांगितली.

"'एकदाच' लिही," मावशी म्हणाली.

मी लिहिले. तिने पुस्तिका फाईलमध्ये ठेवली, चष्मा लावला आणि ताईने आणलेली कराची बिले वर्षावार लावू लागली. २०१५, २०१६. "२०१७ चं कुठं आहे गं?" तिने आतल्या खोलीकडे पाहून विचारले.